आप्पांची पायरी

वृंदाला केसांची किळस यायला लागली त्याला आता तीन वर्षं होत आली होती. स्वतःच्या केसांची नव्हे, लोकांच्या. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रयोगशाळेत पाकिटांनी भरलेली पोती येत. प्रत्येक पाकिटात मानेवरून कापलेली एक बट आणि वर फ्लॅटचा क्रमांक. बट म्हणायची ती आपली सभ्यता. कुणाचे केस खोबरेल तेलाने थबथबलेले, कुणाचे मेंदीने चिकटलेले, कुणाच्या केसांसोबत कोंड्याचे पापुद्रे. टक्कल पडलेले गृहस्थ नखं पाठवत, तीही पायाची, आणि ती धुऊन पाठवावीत एवढंही त्यांना सुचत नसे. हे सगळं चिमट्याने उचलायचं, द्रावणात बुडवायचं, वाळवायचं आणि यंत्रात घालून जाळायचं. तो जळका वास वृंदाच्या ओढणीत, पर्समध्ये, दुपारच्या डब्यातल्या पोळीत मुरला होता. घरी गेल्यावर आंघोळ केल्याशिवाय तिची मुलगी तिला जवळ येऊ देत नसे.

एवढं करून त्या केसांतून काढायचं काय, तर माणसाची पायरी.

पायरी ही तशी साधी गोष्ट आहे. ऊन पडतं, त्यावर शेवाळ आणि गवत वाढतं. ही पहिली पायरी. शेवाळ खाणारा किडा दुसरी, किडा खाणारा मासा तिसरी, माशाला गिळणारा बगळा चौथी. या जिन्यावरून वर चढताना ऊर्जेची प्रचंड गळती होते. किडा जे खातो त्यातलं बरंचसं हालचालीत, श्वासात आणि विष्ठेत घालवतो. त्याच्या अंगात जेमतेम दहावा हिस्सा साठतो आणि तेवढाच माशाच्या वाट्याला येतो. माशाकडून बगळ्याकडे जाताना पुन्हा तेच. म्हणून जलाशयात शेवाळ टनावारी असतं, मासे पोत्यांनी आणि बगळे बोटांवर मोजण्याइतके.

कोण कुठल्या पायरीवर बसलंय हे ओळखायची युक्ती नायट्रोजनमध्ये आहे. नायट्रोजनचे अणू दोन वजनांचे असतात, बहुतेक हलके आणि अगदी थोडे जड. शरीर प्रथिनं मोडतं तेव्हा हलका नायट्रोजन लघवीवाटे सहज निघून जातो, जड मागे रेंगाळतो. त्यामुळे खाणाऱ्याच्या अंगात जड नायट्रोजन त्याच्या खाद्यापेक्षा थोडा जास्त असतो, आणि त्याला जो खाईल त्याच्या अंगात त्याहून जास्त. दर पायरीला ही भर जवळपास सारखीच पडते. माणसाचा केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो. त्याचा मुळाकडचा सेंटीमीटर तपासला की गेल्या महिन्यात त्या माणसाने काय खाल्लं ते कळतं.

वृंदा हे सगळं तरुणपणी उजनीच्या पाण्यावर होडीत बसून शिकली होती. माशांचे खवले, खेकड्यांची कवचं, पक्ष्यांच्या रक्ताचे थेंब. दोन वर्षं ती चिखलात लोळली आणि सुखात होती. तेव्हा हे यंत्र खोलीएवढं असे. मग ते मिक्सरएवढं झालं, त्याच सुमारास लागोपाठ तीन वर्षं पाऊस रुसला, आणि शहराच्या पाणीवाटपात कुणा हुशार माणसाने एक कलम घुसवलं. ज्या गृहसंकुलाची सरासरी पायरी २.३०च्या खाली, त्याला रोज दोन तास जादा पाणी. खालच्या पायरीवर जेवणाऱ्या माणसामागे जमीन कमी लागते, पाणी कमी लागतं. विज्ञान म्हणून यात काही चूक नव्हती, आणि खरी पंचाईत तीच होती. कारण फ्लॅट भाड्याने देताना "तुम्ही खाता काय हो?" असं नाक मुरडत विचारणाऱ्या मंडळींना आता त्या नाकावर सरकारी शिक्का मिळाला.

नुसतं धान्य खाणारा माणूस दोनच्या आसपास असतो. दूधदुभतं घेणारा २.२० पर्यंत. अंडी, मासे, मटण खाणारा त्याच्या वर. एका संकुलाने सुरुवातीच्या उत्साहात सहा महिन्यांच्या बाळाला नोटीस पाठवली होती, कारण त्याची पायरी तीनच्या वर निघाली. अंगावर पिणारं बाळ आईलाच खात असतं, म्हणून ते आईच्या एक पायरी वर. हे समजल्यावर लोक हसले आणि बाळांना नियमातून सूट मिळाली. वृंदाही तेव्हा हसली होती.

तिच्या वडिलांचं घर होतं 'तृणांकुर' नावाच्या संकुलात. या नावातच सगळं आलं. गजानन उकिडवे, टपालखात्यातून निवृत्त, वय शहात्तर, जन्मात अंड्याला हात न लावलेला माणूस. वृंदाची आई कार्तिकात गेली. तेव्हापासून आप्पा चौथ्या मजल्यावर एकटेच राहत होते. वृंदा दर रविवारी सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाहून येई, आठवड्याचं सामान आणून देई, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या मानेवरचे केसही स्वतःच कापून नेई.

जानेवारीत आप्पांचा आकडा आला २.४२. 'तृणांकुर'ने एका माणसासाठी घातलेली मर्यादा होती २.४०.

वृंदाने नमुना पुन्हा जाळला. पुन्हा २.४२. तिसऱ्यांदा जाळायला केस उरला नाही.

पुढच्याच रविवारी संकुलाच्या सचिव रेवती पळसुले घरी आल्या. साडी कडक इस्त्रीची, हातात छापील पत्रक आणि आवाजात इतका गोडवा की ऐकणाऱ्याचे दात आंबावेत.

"उकिडवेकाका मला वडिलांसारखे आहेत हो," त्या म्हणाल्या. "म्हणूनच कागद न पाठवता स्वतः आले. काकू गेल्या, घर विस्कटलं, एखाद वेळी पाय घसरतो माणसाचा. आम्ही काही विचारत नाही. पण नियम आहे. सलग चार महिने वर राहिलं तर सभेपुढे जावं लागतं, आणि मग घर सोडायला सांगण्यावाचून सभेला इलाज नसतो."

"पण मी काही वावगं खाल्लेलंच नाही," आप्पा म्हणाले. ते गोंधळून लेकीकडे बघत होते.

"कुणी म्हणतंय का तसं?" पळसुलेबाईंनी पत्रक टेबलावर ठेवलं. "हा आमचा शुद्धाहार. डाळ बंद, दूध बंद, रात्रीचं जेवण बंद. भाताची पेज, काकडी, एखादं फळ. डाळीत प्रथिनं, प्रथिनांत नायट्रोजन. आत नायट्रोजन गेलाच नाही तर आकडा चढेल कशाला? काय वृंदाताई, तुम्ही तर यातल्या तज्ज्ञ."

वृंदाने मान डोलावली. तिच्या डोक्यात त्या वेळी शुद्धाहार नव्हताच. तिच्या डोक्यात होता तांडेलांच्या घरचा वास.

शांताराम तांडेल हे आप्पांचे टपालखात्यातले जुने सोबती, अलिबागकडचे कोळी. 'तृणांकुर'च्या फाटकासमोरच्या जुन्या इमारतीत ते आणि त्यांची बायको राहत. आई गेल्यापासून आप्पा रोज दुपारी त्यांच्याकडे कॅरम खेळायला जात. डिसेंबरात एकदा आप्पांचा सदरा धुवायला टाकताना वृंदाला त्याला तळलेल्या बोंबलाचा वास आला होता. तेव्हा तिने नाक दाबून तो सदरा दोनदा धुतला आणि गप्प बसली. आता २.४२ या आकड्यासकट तो वास तिच्या नाकात परत चढला.

फेब्रुवारीत आकडा आला २.४७. मार्चमध्ये २.५३.

वृंदाला झोप लागेना. ज्या मशीनवर तिने हजारो घरांच्या पायऱ्या काढल्या, ज्या आकड्यांवर तिने डोळे मिटून सही केली, तो आकडा बापाचा आला म्हणून खोटा कसा म्हणायचा? प्रयोगशाळेत सहकारी तिच्याशी जरा जास्तच सभ्यपणे बोलू लागले होते. तिला आप्पांची लाज वाटू लागली, आणि लाजेच्या पाठोपाठ किळस आली. या माणसाने आईच्या ताटात साधी लसणाची चटणी आली तर अर्धा तास व्याख्यान दिलं होतं. आता आईची राख थंड होते न होते तोच हा समोरच्या घरी बसून माशाचे काटे चोखतो आणि घरी येऊन खोटं बोलतो. तिच्या मनात हे चित्र इतकं पक्कं बसलं की एप्रिलच्या पहिल्या रविवारी आप्पा पूजेला बसलेले असताना तिने स्वयंपाकघरातली कचऱ्याची बादली वर्तमानपत्रावर पालथी केली.

काकडीची सालं, केळ्याचं एक साल, निर्माल्य, चहाचा चोथा. बोटांनी ते सगळं चिवडलं, वास घेतला. कढयांचे तळ हुंगले. काटा नाही, हाड नाही, खवला नाही. मागे चाहूल लागली तेव्हा तिने मान वळवली. आप्पा सोवळ्यात दारात उभे होते.

"काय शोधतेस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"वृंदे, देवाची शपथ घेऊन सांगू का?"

"शपथेने आकडा उतरत नाही, आप्पा."

आप्पा खुर्चीत बसले आणि केस कापायला मान पुढे केली. वृंदाने कात्री घेतली. मानेच्या शिरा वर आल्या होत्या, मणके एकेक मोजता येत होते. तिची बोटं त्या मणक्यांना लागली. म्हातारपणी माणूस वाळतोच, असं मनाशी म्हणून तिने बट कापली आणि पाकीट बंद केलं. तो मणक्यांचा स्पर्श पुढे तिच्या बोटांवरून जायचा नव्हता.

एप्रिलचा आकडा २.६१ आला. पळसुलेबाईंचा निरोप आला की वीस तारखेला सभा. त्या दुपारी वृंदा प्रयोगशाळेतून निघाली ती थेट तांडेलांच्या दारात उभी राहिली. आप्पा त्या वेळी नव्हते. तांडेलकाकू सुका जवळा निवडत बसल्या होत्या. घरभर वास दरवळत होता आणि वृंदाने रुमाल नाकाला लावला.

"काका, एकच विचारायला आले," ती उभ्यानेच म्हणाली. "तुम्ही आप्पांना काय खाऊ घालता?"

शांतारामकाकांनी कॅरमची सोंगटी खाली ठेवली. "आम्ही? पोरी, तुझा बाप आमच्याकडे पाणी पीत नाय. पेल्याला वास येतो म्हणतो. जानेवारीपासून तर नाकाला रुमाल धरून खेळतो, आता तू धरलायस तसा. वासाने पण नंबर चढेल म्हणे. मी म्हटलं, अरे गजा, वासाने नंबर चढला असता तर आमचा तर आभाळाला लागला असता. पण ऐकतो कुठं."

"डिसेंबरात त्यांच्या सदऱ्याला..."

"मी तळत होते गो," काकू मध्येच म्हणाल्या. "ते तिथं खिडकीत बसले होते. धूर गेला अंगावर. लगेच उठून गेले, दोन दिवस आले नाय." त्यांनी हात झटकले आणि वृंदाकडे रोखून पाहिलं. "आता मी तुला विचारते. तुम्ही त्यांना काय खाऊ घालता? मागल्या आठवड्यात जिन्यावर बसले ते उठवेना. ह्यांनी हाताला धरून आणलं. पट्ट्याला खिळ्यानं तीन भोकं पाडलीत त्यांनी. तुझ्या डोळ्याला दिसत नाय?"

वृंदा जिना उतरली. तिला जे उत्तर हवं होतं ते मिळालं नव्हतं, आणि जे मिळालं होतं त्याला ती घाबरली होती. ती घरी गेली नाही, आप्पांकडेही गेली नाही. आकड्याने तिच्या बापाला खोटं ठरवलं होतं, तर आधी आकड्यालाच विचारायला हवं होतं. ती प्रयोगशाळेत परत आली.

यंत्र केसातला नायट्रोजन मोजतं तसा कार्बनही मोजतं. संकुलांच्या अहवालात फक्त नायट्रोजनचा आकडा जाई. कार्बन कुणी मागत नव्हतं, म्हणून त्याचा रकाना वृंदानेही वर्षभर उघडला नव्हता. आता तिने तो आप्पांच्या चार महिन्यांसाठी उघडला. माणूस मासे खायला लागला तर दोन्ही आकडे वर जातात. आप्पांचा नायट्रोजन महिन्यामागून महिना वर चढत होता आणि कार्बन खाली उतरत होता.

तिला उजनीचे पट्टकदंब आठवले. हिमालय ओलांडून येणारे हे हंस गवत खाणारे, पण उतरल्या दिवशी घेतलेल्या त्यांच्या रक्तात आकडा मांस खाणाऱ्याचा निघाला होता. वृंदाला वाटलं होतं की नमुन्यात घोळ झाला. तेव्हा तिचे सर हसून म्हणाले होते, "घोळ नाही. वाटेत खायला काही नव्हतं, म्हणून ते स्वतःलाच खात आले." उपाशी शरीर आधी चरबी जाळतं आणि चरबीतला कार्बन हलका असतो. मग ते आपलेच स्नायू मोडायला घेतं, हलका नायट्रोजन पुन्हा बाहेर जातो, जड पुन्हा मागे राहतो. शरीर आपल्याच अंगावर एक पायरी चढत जातं.

आई गेल्यावर आप्पांचं जेवण तुटलं असणार, म्हणून जानेवारीत २.४२. तो आकडा उतरावा म्हणून शुद्धाहार, आणि शुद्धाहारामुळे २.४७. तो उतरावा म्हणून त्याहून कमी जेवण. जितका उपास तितका आकडा वर, आणि जितका आकडा वर तितका उपास. हे तिने वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. हंसांबद्दल. बापाबद्दल कळायला तिला चार महिने लागले. यंत्र बंद न करताच ती निघाली.

'तृणांकुर'मध्ये पोचली तेव्हा आप्पा अंथरुणावर पडून होते. वृंदाने आधी स्वयंपाकघरातले डबे उघडले. संक्रांतीला भरलेला तूरडाळीचा डबा काठोकाठ होता. डाळीत किडे झाले होते, झाकणाच्या आतून वळवळत चढत होते. त्या घरात पोटभर जेवत होते ते तेवढेच. दर रविवारी आणलेलं दूध आप्पा वॉचमनला देत होते, लाडू मांजराला.

तिने त्यांचा बनियन वर केला आणि मान फिरवली. पोट पाठीला लागलं होतं. बरगड्यांवर कातडं नुसतं टाकल्यासारखं होतं.

"हे कधीपासून?" तिने विचारलं.

"तेवढ्यावर भागेना गं," आप्पा अपराध्यासारखे म्हणाले. "पळसुलेबाईंनी दिलं होतं तसंच केलं, पण आकडा उतरेना. मग पेजसुद्धा सोडली. काकडी ठेवली. माझ्याच शरीरात काहीतरी अशुद्ध आहे बघ. ते निघून जायला वेळ लागत असेल. तू काळजी करू नकोस, वीस तारखेपर्यंत उतरेल."

त्याच संध्याकाळी तिने त्यांना इस्पितळात दाखल केलं. वजन भरलं एकेचाळीस किलो. डॉक्टर म्हणाले, एकदम काही देऊ नका, हृदय झेपायचं नाही. थेंबाथेंबाने सुरुवात करू. पण आप्पा तोंडच उघडीनात. सलाइन लावायला आलेल्या नर्सला त्यांनी विचारलं, "यात नायट्रोजन नाही ना?" वृंदाने समजावलं, चिडली, रडली, हंसांची गोष्ट सांगितली. ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "तू म्हणतेस ते ठीक आहे. पण कागदावर येऊ दे."

कागदावर यावं म्हणूनच ती वीस तारखेला सकाळी सभेला गेली. सभागृहात दीडशे माणसं होती, सगळी न्हालेली, गंध लावलेली, खालच्या पायरीवरची. वृंदाने दोन्ही रकाने पडद्यावर दाखवले. नायट्रोजन वर, कार्बन खाली. सोप्या शब्दांत सांगितलं.

"माझ्या वडिलांनी कुणाचं मांस खाल्लेलं नाही," ती शेवटी म्हणाली. "त्यांचं शरीर चार महिने त्यांचंच मांस खातंय. तुमच्या पत्रकामुळे, आणि माझ्या सहीमुळे. डॉक्टरांचा कागद सोबत आहे."

सभा गप्प झाली. वृंदाला वाटलं, समजलं. मग पुढच्या रांगेतल्या एक बाई पदर नाकाला लावत शेजारणीला म्हणाल्या, "शी बाई. म्हणजे माणसाचं?"

त्या एका शब्दाने सभेचा जीव परत जागेवर आला. खुर्च्या सरकल्या, कुजबूज सुरू झाली. कुणीतरी विचारलं की लिफ्टमध्ये त्यांच्यासोबत लहान मुलं असतात त्याचं काय. दुसऱ्या कुणीतरी आठवण करून दिली की एकट्या उकिडव्यांमुळे संकुलाची सरासरी २.३१ झाली आहे आणि मे महिना तोंडावर आहे.

पळसुलेबाई उठल्या. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "काकांविषयी आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटतंय, वृंदाताई. तुम्ही किती प्रामाणिकपणे मान्य केलंत, याचं कौतुकही वाटतं."

"मी काय मान्य केलं?"

"हेच, की आकडा मांसामुळे वाढलाय."

"त्यांच्या स्वतःच्या मांसामुळे. उपासमारीमुळे."

"हो ना. पण मांस कुणाचं, हे नियमात नाहीये हो." त्यांनी नियमांची पुस्तिका उघडून दाखवली. "सूट फक्त बाळांना आहे. आज एकासाठी वाकवलं तर उद्या ज्याला त्याला आपलं कारण असेल. पाण्याचा प्रश्न आहे. इतक्या घरांचा प्रश्न आहे."

हात वर झाले. वृंदाने ते मोजले नाहीत. त्या स्वच्छ, उंचावलेल्या, अंगठ्या घातलेल्या हातांकडे बघताना तिला पोत्यातली ती सगळी पाकिटं आठवली, कोंडा, तेल, पायाची नखं. त्या पाकिटांना निदान जाळता येत होतं. आप्पांना घर सोडायला महिन्याची मुदत मिळाली. बाहेर पडताना एका गृहस्थांनी तिला वाट करून दिली आणि आपला कोपर जपून मागे घेतला.

ती इस्पितळात परत आली तेव्हा डॉक्टर दारातच भेटले. आज पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात, या अवस्थेत ती कितपत सोसेल ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले. वृंदा खोलीत गेली नाही. ती तशीच मागे फिरली, रिक्षाने प्रयोगशाळेत गेली आणि यंत्रासमोर बसली. तीन वर्षांत तिने एका दशांशाचाही फेरफार केला नव्हता. आत केस न घालता तिने अहवालाचा नमुना उघडला. नाव, गजानन उकिडवे. पायरी, २.१९. शिक्का मारला, सही केली, आणि कागद गरम असतानाच पिशवीत टाकला.

आप्पा डोळे मिटून पडले होते. तिने हाक मारली तेव्हा पापण्या उघडायलाही त्यांना वेळ लागला.

"काय झालं सभेत?"

"सगळं मिटलं," वृंदा म्हणाली. "काल नवा नमुना घेतला होता ना तुमचा. त्याचा आकडा आला. हा बघा."

काल कुणी नमुना घेतलेला नव्हता. आप्पांनी ते आठवायचाही प्रयत्न केला नाही. त्यांनी चष्मा मागितला, कागद हातात धरला, आकडा वाचला, शिक्का पाहिला, लेकीची सही ओळखली. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत नव्हतं असं हसू आलं.

"मी म्हणत होतो ना तुला," ते म्हणाले. "मी काही खाल्लेलं नाही म्हणून."

"हो आप्पा. म्हणत होतात."

"पळसुलेबाई काय म्हणाल्या?"

"त्यांनी माफी मागितलीय. सगळ्यांच्या देखत."

"भली बाई आहे," आप्पा म्हणाले. "तिचा तरी काय दोष? आकडाच तसा येत होता. आता घरी कधी सोडतील?"

"आधी जेवा. मग लगेच जाऊ."

त्यांनी निमूटपणे तोंड उघडलं. वृंदाने मुगाच्या पाण्याचा पहिला चमचा त्यांच्या ओठांना लावला आणि ते गिळले. चार महिने हा माणूस खरं सांगत होता आणि तिने त्याच्या कचऱ्याचा वास घेतला. आज तिने एकामागून एक खोट्या गोष्टी सांगितल्या आणि त्याने एकीचाही पुरावा मागितला नाही, कागदाकडे बघितलं आणि तोंड उघडलं. तिला स्वतःची शिसारी आली.

"कडू आहे का गं?" आप्पांनी विचारलं. "तुझं तोंड असं का झालंय?"

"नाही," ती म्हणाली आणि दुसरा चमचा भरला.